पाच नंबरशी काय बोलायचं

एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाने दुसरं काहीही विसरावं, माइकचं बटण बंद करायला विसरू नये. मी विसरलो. लांजा गाडी फलाटावर लागल्याचं सांगितलं, बटण तसंच राहिलं, आणि चहा घेऊन आलेल्या सहकाऱ्यापाशी मी संसाराचं गाऱ्हाणं मांडायला बसलो.

"तुला म्हणून सांगतो," मी म्हणालो, "आमच्याकडे जेवायला बसलं की पहिला विषय तीन नंबर. तीन नंबरने आज वाटीभर पेज घेतली. मग पाच नंबर. पाच नंबरचा ताप उतरत नाही. काल मी विचारलं, बाई गं, या घरात माझा नंबर कधी लागणार? तर म्हणते, तुम्ही कुठे सिरीयस आहात."

सहकारी हसला. त्याच्यामागून अख्खा स्टँड हसला. फलाटावर मासळीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायका खिडकीकडे बोटं दाखवायला लागल्या आणि लांजा गाडीच्या कंडक्टरने खिडकीत डोकं घातलं.

"भाऊ," तो म्हणाला, "तुमचा नंबर लागला की तेवढं माइकवर सांगा. आम्ही गाडी पाच मिनिटं थांबवतो."

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. बायको तेव्हा रत्नागिरीतल्या एका दवाखान्यात नर्स होती. तिथे नुकताच अतिदक्षता विभाग सुरू झाला होता. नाव भारदस्त, प्रत्यक्षात एक लांबट खोली, भिंतीला लावलेल्या पाचसहा खाटा, हृदयाची रेघ दाखवणारा एक डबा आणि श्वास देणारं एक यंत्र. पण जिल्हाभरातून ज्याचं काही खरं नाही असा माणूस तिथे यायचा, आणि त्यातले बरेचसे आपल्या पायांनी घरी जायचे. पेशंटचं नाव घरी घ्यायचं नाही हा बायकोचा नियम. त्यामुळे सगळे आमच्या घरी नंबरानेच यायचे. तीन नंबर कधी एखादे गुरुजी असत, कधी बाळंतीण. आमची धाकटी लेक संध्याकाळी देवापुढे हात जोडून "पाच नंबरला बरं कर" म्हणायची. देवाला हा कारभार कितपत कळत होता, कोण जाणे.

माइकची भानगड माझ्याआधी घरी पोचली, कारण दवाखान्यातली एक मावशी लांजा गाडीसाठीच स्टँडवर उभी होती. मी घरात पाऊल टाकलं तर बायको भाजी चिरत होती. वर न बघता म्हणाली, "या. बसा. काय होतंय तुम्हाला? कधीपासून?"

मला वाटलं, हसण्यावारी गेलं, सुटलो.

दोनतीन दिवसांनी सकाळी खिडकीतला फोन वाजला. दवाखान्यातून बायको बोलत होती. "मुंबईची गाडी कुठवर आली?"

खिडकीत बसलं की माझा आवाज आपोआप सरकारी होतो. समोर बायको असो नाहीतर मंत्री. मी म्हटलं, "मुंबई-रत्नागिरी गाडी परशुराम घाटात बंद पडलेली आहे. दुसरी गाडी पाठवली आहे. यायला दुपार होईल."

 फोन ठेवल्याचा आवाज आला.

त्या दिवसापासून आमच्या घरातले नंबर बंद झाले. ती ड्यूटीवर जायची, यायची, आंघोळ करायची, स्वयंपाक करायची. "कशी होती ड्यूटी?" म्हटलं की "होती." लेकीने विचारलं, "आई, तीन नंबर घरी गेले का?" तर म्हणाली, "जेव गुपचूप."

मी मनाशी पक्कं धरलं, हा माइकचा राग. बायकांचा राग दही लागल्यासारखा असतो, आज विरजण पडलं की उद्या घट्ट होतो, असं काहीतरी मी सहकाऱ्याला सांगितलंसुद्धा. माइक बंद आहे ना ते दोनदा बघून. समजूत काढायची म्हणून मी बांगडे आणून स्वतः तळले. दोन्ही बाजूंनी कोळसा झाले. तिने एक शब्द न बोलता खाल्ले. एरवी तिने त्या बांगड्यांवर आठवडाभर मला भाजलं असतं. शेवटचा उपाय म्हणून म्हटलं, "चल, संध्याकाळी मांडवीला जाऊ. समुद्रावर बसू."

"मांडवीला नको," ती म्हणाली आणि आत गेली.

आणि गंमत बघा, ज्या नंबरांचं मी गावभर गाऱ्हाणं केलं, त्यांच्याशिवाय मला भात गिळेना. ताटावर बसलं की वाटायचं, तीन नंबरचं काय झालं असेल.

पुढे भातकापणी आली. त्या दिवसांत एका दुपारी मी ड्यूटी संपवून घरी आलो तरी बायकोचा पत्ता नव्हता. तिची सकाळपाळी कधीच संपलेली. थोड्या वेळाने दवाखान्यातली मावशी दारात आली. "बाईंनी डबा मागितलाय. त्यांची काय आज लवकर सुटका नाही. पोरीला बसते मी."

मी कुळथाचं पिठलं आणि भात केला. पिठल्यात गुठळ्या झाल्या, त्या चमच्याने दाबून बसवल्या, आणि डबा घेऊन गेलो.

अतिदक्षता विभागाच्या दाराशी जमिनीवर एक म्हातारी बसली होती. गुडघ्यांना मिठी मारून. दार उघडं होतं. तिची नजर पाच नंबरच्या खाटेवर होती आणि ती एकसारखं म्हणत होती, "सोडा वो तिला. गेली ती. कशाला वारा भरताव? सोडा, घरी नेते मी."

पाच नंबरवर एक तरुण बाई निजलेली होती. तिशीचीही नसेल. डोळे मिटलेले, हातपाय ओल्या कापडासारखे. घशात नळी. आणि माझी बायको उशाशी उभी राहून, त्या नळीला जोडलेली रबरी पिशवी दाबत होती. दाबली की त्या बाईची छाती वर यायची, सोडली की खाली जायची. बाईचा श्वास म्हणजे बायकोची मूठ, एवढाच हिशेब. दवाखान्यातलं एकुलतं एक यंत्र दोन नंबरला लावलेलं होतं.

तिथले तरुण डॉक्टर मला ओळखत होते. हलक्या आवाजात म्हणाले, "मण्यार चावली आहे. देवरुखकडची आहे. खळ्यात भात राखायला निजली होती. या विषाने सगळे स्नायू बंद पडतात, पापणीसुद्धा उचलवत नाही. बघणाऱ्याला वाटतं, गेली. पण आत ती जागी असते. ऐकू येतं तिला. श्वास चालू ठेवला तर दोनचार दिवसांत उठून बसेल. मी सिस्टरना म्हणतोय, बोलत राहा तिच्याशी."

मी बायकोकडे बघितलं. ती बोलत नव्हती. नुसती दाबत होती. त्या खाटेवरच्या बाईचा दीर मघापर्यंत आळीपाळीने दाबत होता म्हणे, तो औषध आणायला गावात गेला होता.

"हात धुवा आणि इकडे या," बायको म्हणाली. "धरा ही. माझ्या मनगटात गोळा आलाय."

"मी?"

"इथे दुसरं कोण रिकामं आहे? छातीकडे बघा. वर आली की सोडा. घाई करू नका, तुमच्या पिठल्यासारखी."

डबा अजून उघडलाही नव्हता. तिला कसं कळलं ते मी विचारलं नाही. मी पिशवी धरली. एका अनोळखी बाईचा श्वास माझ्या मुठीत आला आणि माझा मात्र अडकला.

"आता बोला तिच्याशी," बायको मनगट चोळत म्हणाली.

"मी काय बोलू? ओळख ना देख. तूच बोल ना."

"मला नाही बोलवत." तिने तोंड फिरवलं. मग म्हणाली, "माइकवर सुचतं ना तुम्हाला? तसं काहीतरी बोला."

 परक्या बाईशी काय बोलावं हे मला कधीच कळलेलं नाही, आपल्या बाईशीही फारसं नाही. माझ्या जिभेला एकच भाषा सराईत, ती खिडकीतली. छातीकडे बघत मी पिशवी दाबली आणि तोंडातून आपोआप निघालं, "प्रवाशांनी लक्ष द्यावे." सोडली. "रत्नागिरीहून संगमेश्वर मार्गे..." दाबली. "देवरुखला जाणारी गाडी..." सोडली. "फलाटावर लागलेली आहे. प्रवाशांनी आपापल्या सामानासह..."

ताल मात्र झकास जमला. डॉक्टर पाठ करून उभे होते, त्यांचे खांदे हलत होते. बायकोने पदर तोंडाला लावला. किती दिवसांनी तिला हसताना बघत होतो. मी उत्साहाने देवरुख, साखरपा, लांजा, राजापूर अशा सगळ्या गाड्या सोडल्या. तिचं हसणं थांबेना, आणि थांबलं तेव्हा डोळ्यांतून पाणी येत होतं. ते हसण्याचं नव्हतं.

"मी माइकवरून रागावले नव्हते," ती म्हणाली. "तुम्हाला उगीच वाटतं. तुम्ही बांगडे तळलेत तेव्हाच कळलं मला."

"मग?"

"तीन नंबरला एक आजोबा होते. मांडवीचे, जुने खलाशी. मुलगा मुंबईला. त्याला तार केली, तो निघाला. आजोबा सारखे विचारायचे, गाडी आली का. मी म्हणायचे, येतेय. मग त्यांची वाचा गेली. डोळे मिटले. मी आपली सांगतच राहिले. बाबा, गाडी संगमेश्वरला आली. मग तुम्हाला फोन केला."

मला तो फोन आठवला. माझा सरकारी आवाजही.

"परत गेले त्यांच्यापाशी," ती म्हणाली. "आणि त्यांच्या कानात म्हटलं, गाडी वेळेवर आहे. हातखंब्याला आली, आता काय, पोचलाच. हात धरून सांगत राहिले. ते तसेच गेले. मुलगा दुपारी आला. मग इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, इतका वेळ कुणाशी बोलत होतीस गं? त्यांना काय कळत होतं? वाईट म्हणून नाही बोलल्या त्या. त्यांनी फार बघितलंय. पण तेव्हापासून तोंड उघडलं की वाटतं, आपण भिंतीशी बोलतोय. आणि तेही खोटं."

चौकशीच्या खिडकीत उत्तर माहीत नसलं तर "थोड्या वेळाने विचारा" म्हणायची सोय असते. इथे तीही नव्हती. मी पिशवी दाबत राहिलो. दारातून म्हातारीचं चालूच होतं, "सोडा वो तिला."

बायकोने एकदा दाराकडे बघितलं, एकदा खाटेवरच्या मिटल्या डोळ्यांकडे. मग माझ्या हातावर हात ठेवून पिशवी काढून घेतली, एकही श्वास न चुकवता. आणि वाकून त्या बाईला म्हणाली, "अगं, घाबरू नकोस हं. मी आहे इथे. आणि हा गाड्या सोडणारा माणूस कोण म्हणशील, तर माझा नवरा. याची एक गंमत सांगते तुला. हा स्टँडवर खिडकीत बसतो..."

आणि तिने माइकची कथा सुरू केली. माझ्यासमोर. पदरचा तिखटमीठ-मसाला घालून. कंडक्टरचा आवाज काढून. तिच्या कथेत मी माइकवरच रडायला लागलो होतो. मी डबा टेबलावर ठेवला आणि पळ काढला.

दाराबाहेर म्हातारीने माझ्या पँटला धरलं. "तुमी येष्टीतले ना? खिडकीतले?"

"हो."

"मी सासू तिची. देवरुखला शेवटची गाडी कवा हाय? निजवून नेते तिला. पोराला मुंबईला तार केलीया, तो येईल तवा येईल. जायचंच तर आपल्या आंगनात जाऊ दे. हितं परक्या खाटंवर नको."

ती रडत नव्हती. सुनेसाठी तिला करता येण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, आणि ती करायला ती निघाली होती. शेवटची गाडी सुटायला अजून तास होता. आत पिशवीचा फसफस आवाज येत होता आणि त्यावर बायकोचा, आता बांगड्यांपर्यंत पोचलेला.

मी खिडकीत इतकी वर्षं बसलो. गाडी चुकीची सांगितली असेल, फलाट चुकीचा सांगितला असेल, पण जाणूनबुजून कधी नाही. मी म्हटलं, "आजी, आज शेवटची गाडी रद्द आहे."

"रद्द?"

"गाडी नादुरुस्त आहे. आता उद्या सकाळीच. उद्या मुलगाही येईल तुमचा, मग ठरवा."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "तुमी खिडकीतले सांगताव म्हंजे खरं आसंल," ती म्हणाली आणि पुन्हा गुडघ्यांना मिठी मारून बसली.

ती गाडी त्या संध्याकाळी वेळेवर सुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी ड्यूटी नसताना मी फलाटावर जाऊन उभा राहिलो. मुंबईची गाडी परशुराम घाटात बंद पडली नाही, कुठेच पडली नाही. तारवटलेल्या डोळ्यांचा एक माणूस हातात गाठोडं घेऊन उतरला आणि तडक चौकशीच्या खिडकीकडे निघाला. मी त्याला वाटेतच गाठलं, म्हातारीचा मुलगा तोच हे विचारून घेतलं आणि दवाखान्यात पोचवलं. बायकोने त्याला हात धुवायला लावले, पिशवी हातात दिली आणि म्हणाली, "दाबा आणि बोला. ऐकतेय ती." तो आईकडे बघून म्हणाला, "आये, डाक्टर सांगतायत तर ऱ्हाऊ दे."  म्हातारीने गाडीचं पुन्हा काढलं नाही.

त्यानंतर आमच्या घरी दिवसभर काही कळलं नाही. आणखी एक रात्र गेली. दुसऱ्या दिवशी बायको घरी आली, आंघोळ केली, पानं वाढली, आणि भात कालवता कालवता म्हणाली, "पाच नंबरने आज पायाचा अंगठा हलवला."

लेकीने टाळ्या वाजवल्या. मी आमटी मागितली. 

मग रोज जेवताना नंबर यायला लागले. पाच नंबरने डोळे उघडले. पाच नंबरची नळी काढली. घसा सोललाय, बोलवत नाही, खुणा करते. मग तिला साध्या वॉर्डात हलवलं आणि पाच नंबरवर दुसरं कुणी आलं, आणि जेवणात त्याचा विषय सुरू झाला.

आठवडा उलटला असेल. खिडकीत बसलो होतो. समोर म्हातारी, तिचा मुलगा आणि मधे ती. उभी. मला आधी ओळखूच आली नाही. उभ्या माणसाचा चेहरा वेगळाच असतो. माझ्याकडे बघून तिने पदर तोंडावर धरला आणि हसायला लागली.

"काय गं, देवरुखच ना?" मी विचारलं.

"व्हय." आवाज अजून घोगरा होता. "तुमचा नंबर लागला का?"

मी दचकून माइककडे बघितलं. बंद होता.

"तुला कुणी सांगितलं?"

"बाईंनी. तुमी पळून गेलाव तवा." ती पुन्हा हसली. "बांगड्याचं बी सांगितलं. मला हसू येत व्हतं, पन तोंडच माझं नव्हतं. आनि तुमी गाडी लागली म्हनलात ना, मला वाटलं, मी श्टांडावरच हाय. म्हटलं, आता उठाया पायजे, गाडी चुकंल. उठाया बगत व्हते, पन हात कुठं, पाय कुठं, कळंना."

"सगळं ऐकू येत होतं?"

तिचं हसू गेलं. सासूकडे एकदा बघून ती म्हणाली, "आत्ती म्हनत व्हती, सोडा तिला. मी वरडत व्हते, मी हाय, मी हाय. कुनाला आयकाया जाईना. बाई बोलत ऱ्हायल्या की मला कळायचं, हाय मी. त्या गप झाल्या की भ्या वाटायचं. त्यांना हे सांगायचं ऱ्हाऊनच गेलं. सकाळी गेलते, तर त्या कुना पेशंटसंगं व्हत्या."

म्हातारी जमिनीकडे बघत होती. मग तिने खिडकीतून एक पुरचुंडी आत सरकवली. "नव्या भाताचं पोहं. वाडीतनं मागवलं, बाईला द्या." आणि मान वर करून म्हणाली, "त्या सांजची गाडी गेली व्हती. आमच्या वाडीतला पोरगा त्याच गाडीनं घरी आला."

मी वेळापत्रकाच्या फळ्याकडे बघायला लागलो.

"खिडकीतल्या मानसानं खोटं बोलू नये," ती म्हणाली. सुनेचा दंड धरला आणि गाडीकडे नेलं. हळूहळू, पायऱ्या चढताना मागून हात लावून.

देवरुख गाडी मी जाहीर केली. आवाज थोडा चिरकला, तो माइकच जुना झाला होता. बटण मात्र आठवणीने बंद केलं.

घरी आलो तर बायको उद्याच्या ड्यूटीची टोपी खळ घालून वाळवत होती. मी पोहे पुढे ठेवले आणि सगळं सांगितलं. नंबर लागला का, ते सांगितलं. बांगड्यांचं सांगितलं. शेवटची गाडी रद्द आहे असं मी खोटं बोललो आणि म्हातारीने मला कसं पकडलं ते सांगितलं. ती हसली. मग मी मधलं सांगितलं, मी हाय मी हाय ते, आणि तिचं हसणं हळूहळू थांबलं.

"आम्ही गप्प झालो की भीती वाटायची, म्हणाली?"

"हो."

"सगळंच ऐकलं तिने?"

"सगळं. अगदी गाड्यांसकट."

तिने टोपी हातात घेतली, कडा बोटांनी सारख्या केल्या, पुन्हा ठेवली. पोह्यांची गाठ सोडली, चिमूटभर तोंडात टाकले. नव्या भाताचा वास घरभर झाला. 

"म्हणजे आजोबांनीही ऐकलं असेल," ती म्हणाली. "बरं झालं, मी त्यांना गाडी वेळेवर आहे म्हणून सांगितलं."